दोन कम्प्युटर, एक कीबोर्ड, एक मॉनिटर: कोणता स्विच घ्यायचा आणि कसा लावायचा

एकाच टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप पण आहे आणि घरचा डेस्कटॉप पण, आणि दोघांसाठी कीबोर्ड माउस मॉनिटर मात्र एकच सेट वापरायचाय, तर हे तुमच्यासाठी आहे. इकडे इंदूरला सुपर कॉरिडॉरवर टीसीएस इन्फोसिस आले, मग वर्क फ्रॉम होम सुरू झालं, तेव्हापासून तिलक नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठल्याही मराठी घरात जा, एका खोलीत हाच सीन दिसतो, टेबल छोटं, मशीन दोन, कधी तीन, आणि दर सकाळी मागे वाकून वायरी काढा आणि लावा. एचडीएमआयचं पोर्ट असं रोज काढून-घालून ढिलं होतं हो, लॅपटॉपचं झालं तर सगळा बोर्ड उघडावा लागतो. म्हणून हे एकदा नीट लावून टाकायला पाहिजे.

पहिली गोष्ट, आणि मला खरं तर हीच सांगायचीय: लगेच केव्हीएम स्विच ऑर्डर करू नका. बहुतेक लोकांना त्याची गरजच नसते. स्क्रीन बदलणं हा एक प्रश्न आहे आणि कीबोर्ड-माउस बदलणं हा दुसरा, आणि दोन्ही वेगवेगळे सोडवले तर स्वस्तात पण पडतं आणि कटकट पण कमी. केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस तिन्ही एका डब्यातून फिरवणारा स्विच, त्यातला कीबोर्ड-माउसचा भाग सोपा आहे, यूएसबी सावकाश चालते, फार काही बिघडत नाही. व्हिडिओचा भागच महाग आणि तोच नखरे करतो. तर तो भाग टाळता येतो का ते आधी बघायचं.

कसं बघायचं? मॉनिटर फिरवा आणि मागे बघा. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या मॉनिटरला किमान दोन इनपुट असतात, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, नाहीतर दोन एचडीएमआय, जुन्यांना एचडीएमआय आणि व्हीजीए. म्हणजे दोन्ही मशीन मॉनिटरला कायमच्या जोडून ठेवता येतात, स्विच मॉनिटरच्या आतच आहे, तुम्ही फक्त त्याचं बटण दाबायचं. मग उरला कीबोर्ड-माउस, त्याला यूएसबी स्विच पुरतो. हे साधं बटणवालं छोटं डबडं असतं, एका बाजूला कीबोर्ड-माउस-वेबकॅम लावायला दोन-चार पोर्ट, दुसऱ्या बाजूला दोन कम्प्युटरला जाणाऱ्या दोन वायरी. चांगल्या व्हिडिओ केव्हीएमच्या मानाने किंमत कितीतरी कमी.

लावायचं असं. दोन्ही मशीन बंद करा (गरज नाहीये तशी, पण मागे वाकून काम करताना बरं पडतं). डेस्कटॉपची व्हिडिओ वायर मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला, लॅपटॉपची एचडीएमआयला. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डच्याच पोर्टात, मदरबोर्डच्या नाही, हे सांगायची गरज नसावी पण खूप घरी उलटं लावलेलं बघितलंय. यूएसबी स्विचच्या दोन वायरी दोन मशीनला, डेस्कटॉपला मागच्या पोर्टात लावा, पुढच्या पॅनलचे पोर्ट आतून बारीक वायरीने जोडलेले असतात आणि तिथे कधी कधी करंट कमी पडतो. कीबोर्ड माउस स्विचमध्ये. झालं. आता बटण दाबलं की कीबोर्ड-माउस इकडून तिकडे जातात, आणि मॉनिटरचं इनपुट बदललं की स्क्रीन.

आणि हो, मॉनिटरच्या मेनूमध्ये ऑटो सोर्स किंवा ऑटो इनपुट असं काही असतं, ते बंद करा. नाहीतर एक मशीन झोपलं की मॉनिटर आपणहून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि तुम्ही परत आणलं की परत जातो, डोकं फिरतं.

यूएसबी स्विच आत काय करतो तेही समजून घ्या कारण पुढच्या अर्ध्या तक्रारी त्यातनंच निघतात. तो रेल्वेच्या सांध्यासारखा आहे, रूळ एका मशीनवरून काढून दुसऱ्याला जोडतो, बस. म्हणजे पहिल्या कम्प्युटरला वाटतं कीबोर्ड उपटला, दुसऱ्याला वाटतं नवीन लावला, विंडोजचा तो टिंग आवाज येतो, आणि ओळख पटायला एक-दोन सेकंद जातात. हे नॉर्मल आहे, स्विच खराब नाही. पण ह्याचाच अर्थ असा की त्या स्विचमध्ये पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली असेल आणि कॉपी चालू असताना बटण दाबलं तर ते इजेक्ट न करता उपटल्यासारखंच होतं, फाइल खराब होऊ शकते. हार्ड डिस्क सरळ मशीनला लावा, स्विचला नाही. वेबकॅमचं पण तेच, मीटिंग चालू असताना बटण दाबलं तर तुम्ही गायब.

आता मॉनिटरचं बटण. रोज दहा वेळा मॉनिटरच्या खाली हात घालून ती जॉयस्टिक दाबायची, मेनू उघडायचा, इनपुट सोर्स, डिस्प्लेपोर्ट, ओके, ह्याचा कंटाळा येतो आणि इथेच लोक म्हणतात जाऊ दे केव्हीएमच घेऊ. थांबा. मॉनिटरला हुकूम देता येतो, कम्प्युटरवरनंच. मॉनिटरच्या त्याच व्हिडिओ वायरीतून डीडीसी/सीआय नावाची एक बारीकशी भाषा चालते, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, आणि इनपुट सोर्स हे सगळं तिच्यातून बदलता येतं. मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय असा ऑप्शन असतो तो ऑन आहे ना ते बघून घ्या.

विंडोजवर नीरसॉफ्टचं कंट्रोल माय मॉनिटर नावाचं फुकट छोटं प्रोग्राम आहे, ते उघडलं की मॉनिटरचे सगळे कोड लाइनीत दिसतात. त्यात कोड ६० म्हणजे इनपुट सिलेक्ट. त्याची किंमत १५ केली तर डिस्प्लेपोर्ट, १७ केली तर पहिला एचडीएमआय, १८ केली तर दुसरा. हे स्टँडर्डमधले आकडे आहेत, पण काही कंपन्यांच्या मॉनिटरमध्ये आपलेच वेगळे आकडे असतात, म्हणून आधी एका इनपुटवर उभे राहून आत्ता काय आकडा दिसतोय ते वाचा, मग दुसऱ्यावर जाऊन वाचा, ते दोन कागदावर लिहून ठेवा. मग त्याच प्रोग्रामच्या कमांडचा डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवा, शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये एक शॉर्टकट की द्या, कंट्रोल ऑल्ट आणि एखादं अक्षर. दाबलं की स्क्रीन पलीकडे. लिनक्सवर हेच काम डीडीसीयूटिल करतं, मॅकवर बेटरडिस्प्ले किंवा लूनर.

ह्याच्या पुढची पायरी मला फार आवडते. डिस्प्ले-स्विच नावाचं ओपन सोर्स प्रोग्राम आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, ते फक्त एवढंच बघत बसतं की अमुक यूएसबी वस्तू, म्हणजे तुमचा कीबोर्ड, लागली का निघाली. कीबोर्ड लागला की ते मॉनिटरला सांगतं आता माझ्या इनपुटवर ये. म्हणजे तुम्ही त्या स्वस्त यूएसबी स्विचचं एकच बटण दाबलं की कीबोर्ड, माउस आणि स्क्रीन तिन्ही एकदम जातात, एक पैसा जास्त न देता पूर्ण केव्हीएम तयार. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही फिरतात. एक छोटी सेटिंग फाइल लिहावी लागते, त्यात कीबोर्डचा यूएसबी नंबर आणि ह्या मशीनचं इनपुट, हे दोनच.

पण हे प्रोग्राम शक्यतो दोन्ही मशीनवर पाहिजे. माझ्या वहिनींच्या घरी नेमकं हेच अडलं.

"भावजी, ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकता येत नाही, ॲडमिन पासवर्ड मागतो," त्या म्हणाल्या.

"मग टाकूच नका वहिनी. घरच्या मशीनवर टाकू, कीबोर्ड निघाला की मॉनिटरला लॅपटॉपकडे पाठव असं त्यालाच सांगता येतं."

"आणि परत येताना?"

"परत येताना कीबोर्ड इकडे लागतोच ना, मग तेच बोलावून घेतं."

असं एकाच मशीनवरनं दोन्ही दिशा सांभाळता येतात, फक्त एक अडचण राहते, पलीकडचा लॅपटॉप झोपलेला असेल तर त्याच्याकडून सिग्नलच नाही, मग मॉनिटर तिकडे जाऊन काही न दिसल्यामुळे परत इकडे येतो. उपाय सोपा, बटण दाबायच्या आधी लॅपटॉप जागा आहे ना ते बघा, किंवा चार्जरवर असताना त्याची झोप लांबवा. वहिनींचं छान चाललंय, मीटिंगच्या आधी एक बटण आणि झालं.

डीडीसीचा एक कच्चा दुवा सांगून ठेवतो, बरेचसे डॉक (लॅपटॉपच्या एका पोर्टातून बरेच पोर्ट काढणारा डबा) आणि यूएसबीतून व्हिडिओ काढणारे ॲडॅप्टर ही भाषा पुढे जाऊ देत नाहीत. लॅपटॉप डॉकमधून मॉनिटरला जात असेल आणि कमांड लागत नसेल तर आधी डॉक काढून सरळ वायर लावून बघा.

आता ज्यांच्या मॉनिटरमध्ये केव्हीएम आधीच बसवलेला आहे आणि त्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी. टाइप-सी वाले ऑफिस मॉनिटर असतात ना, डेल अल्ट्राशार्पच्या बऱ्याच मॉडेलमध्ये, इतर कंपन्यांच्या पण, त्यात मॉनिटरच्या मागे यूएसबी हब असतो आणि वर जाणारी दोन कनेक्शन असतात, एक टाइप-सी, दुसरं ते चौकोनी टाइप-बी, प्रिंटरला असतं तसलं. लॅपटॉप टाइप-सीने जोडला की व्हिडिओ, चार्जिंग, यूएसबी एकाच वायरीत. डेस्कटॉपला व्हिडिओ डिस्प्लेपोर्टने आणि यूएसबीसाठी ती चौकोनी टोकाची वायर. कीबोर्ड-माउस मॉनिटरच्या मागे लावा. मग मेनूत जाऊन यूएसबी सिलेक्शन किंवा केव्हीएम असं काही असेल तिथे सांगा की टाइप-सी इनपुट असेल तेव्हा टाइप-सीचा यूएसबी, डिस्प्लेपोर्ट असेल तेव्हा टाइप-बीचा. त्यानंतर इनपुट बदललं की कीबोर्ड आपोआप त्याच्या मागोमाग जातो. ती टाइप-बीची वायर बहुतेक घरी अजून मॉनिटरच्या खोक्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पडलेली असते. माळ्यावरून खोकं काढा आणि बघा.

बरं, खरा केव्हीएम कधी घ्यायचा? माझ्या मते ह्या केसमध्ये: मॉनिटरला एकच इनपुट आहे, किंवा मशीन दोनापेक्षा जास्त आहेत, किंवा दोन-तीन मॉनिटर आहेत आणि डीडीसी धड चालत नाहीये, किंवा ज्या मशीनवर काही प्रोग्राम टाकताच येत नाही, सर्व्हर आहे, एनव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे, किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जावं लागतं. आणि घरात कोणी वडीलधारं माणूस आहे ज्याला एक आणि दोन अशी दोनच बटणं पाहिजेत, मेनू नकोत, तर नक्की केव्हीएम घ्या, त्यांचा वेळ आणि मनस्ताप वाचणं हे मोठं काम आहे. आमचे एक काका टॅली जुन्या मशीनवर चालवतात आणि बाकी सगळं नव्यावर, त्यांना दोन पोर्टचा साधा केव्हीएम लावून दिला, बटणाजवळ "टॅली" आणि "नवीन" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि ते खूश आहेत.

घेताना काय बघायचं, इथे जरा थांबून वाचा कारण पैसे इथेच वाया जातात.

सगळ्यात आधी शब्द. आरएनटी मार्गाला सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला गेलात आणि नुसतं "भिया, एक मॉनिटर दो कम्प्युटर पे चलाना है" म्हणालात तर कधी कधी स्प्लिटर हातात देतात. स्प्लिटर उलटा असतो, एका मशीनचं चित्र दोन स्क्रीनवर. तुम्हाला दोन मशीन आणि एक स्क्रीन पाहिजे, म्हणजे स्विच. आणि नुसता एचडीएमआय स्विच घेतलात तर त्यात यूएसबी नसतं, फक्त चित्र बदलेल. खोक्यावर दोन इन एक आउट लिहिलंय का आणि यूएसबीचे पोर्ट आहेत का, दोन्ही बघा. "दो इन एक आउट वाला केव्हीएम, फोर के सिक्स्टी" असं पूर्ण बोला.

फोर के सिक्स्टी का बोलायचं? कारण स्वस्त डब्यांवर मोठ्या अक्षरात ४के (चित्र किती बारीक ते) लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात ३० हर्ट्झ (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते). एचडीएमआय १.४ मध्ये ४के फक्त ३० हर्ट्झवर जातं, म्हणजे माउस हलवला तरी तो अडखळत चालल्यासारखा दिसतो, दिवसभर काम करून डोळे दुखतात. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० पाहिजे, १८ गिगाबिट प्रति सेकंद वाला, किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ आणि पुढे. १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ वाला केव्हीएम बघा, तो महाग पडतो, अशा वेळी मी तर परत म्हणीन की मॉनिटरचेच दोन इनपुट वापरा आणि यूएसबी स्विच घ्या, व्हिडिओ कशाच्याही मधून नेऊच नका. तुमचा मॉनिटर साधा फुल एचडी आहे, ६० हर्ट्झ, तर मात्र कुठलाही केव्हीएम चालून जातो, उगाच जास्त पैसे देऊ नका.

दोन मॉनिटर असतील तर ड्युअल मॉनिटर केव्हीएम लागतो आणि प्रत्येक मशीनकडून दोन-दोन व्हिडिओ वायरी येतात. लॅपटॉपला दोन व्हिडिओ आउट आहेत का ते आधी बघा. एक वायर टाकून तिचे दोन स्क्रीन होतील असं नसतं. मॅकबुक एअरच्या साध्या एम१ आणि एम२ चिपला तर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, ही मर्यादा मशीनची आहे, केव्हीएम कितीही भारी घ्या.

दुसरं, ईडीआयडी. मॉनिटर कम्प्युटरला आपली माहिती पाठवतो, मी अमुक कंपनीचा, एवढं रिझोल्युशन, एवढा रिफ्रेश रेट, तिला ईडीआयडी म्हणतात. साधा केव्हीएम बटण दाबल्यावर पहिल्या मशीनची ही माहिती तोडतो, त्या मशीनला वाटतं मॉनिटर गेला, मग ते सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर गोळा करतं, तुम्ही परत आलात की सगळं विस्कटलेलं. चांगल्या केव्हीएममध्ये ईडीआयडी एम्युलेशन असतं, म्हणजे तो डबा स्वतःच दोन्ही मशीनला सांगत राहतो की मॉनिटर आहे, इथेच आहे. खोक्यावर हे लिहिलेलं बघा, बाकी कशापेक्षा ह्यासाठी जास्त पैसे द्यावेत असं माझं मत. नसेलच तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज मध्ये मॉनिटर कनेक्शननुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेव असा टिक आहे, तो लावा, आणि मॉनिटर निघाल्यावर खिडक्या मिनिमाइज कर हाही आहे, तो आवडीप्रमाणे.

तिसरं, कीबोर्डचे पोर्ट. बऱ्याच केव्हीएमला दोन यूएसबी पोर्टवर कीबोर्ड-माउसचं चित्र असतं आणि बाकी पोर्ट साधे हबचे. चित्रवाल्या पोर्टांमध्ये केव्हीएम मध्ये बसून प्रत्येक बटण वाचतो, त्याचा फायदा हा की स्क्रोल लॉक दोनदा दाबून मशीन बदलता येतं, आणि एम्युलेशन असेल तर बदल लगेच होतो. तोटा हा की गेमिंग कीबोर्ड, मॅक्रोवाला माउस, वायरलेस डोंगल (वायरलेस माउसचा यूएसबीत लागणारा छोटा तुकडा) ह्यांची जास्तीची बटणं त्याला कळत नाहीत, काही कीबोर्ड तर चालतच नाहीत. कीबोर्ड चालत नाही म्हणून स्विच परत करायच्या आधी तोच कीबोर्ड साध्या हबच्या पोर्टात लावून बघा, बहुतेक वेळा चालतो, फक्त स्क्रोल लॉकची युक्ती जाते, मग बटणाने बदला. तसंही हल्लीच्या छोट्या कीबोर्डला स्क्रोल लॉक असतंच कुठे.

कन्व्हर्टरबद्दल एक नियम पाठ करा: डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय वायर एका दिशेने चालते. कम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तर साधी वायर चालेल. उलटं, कम्प्युटरकडे एचडीएमआय आणि पुढे डिस्प्लेपोर्ट, तर साधी वायर कधीच चालणार नाही, ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, त्याला वेगळी यूएसबी पॉवर लावायची असते. एचडीएमआयवरून व्हीजीएचंही तसंच, आत चिप असलेला कन्व्हर्टर पाहिजे. आणि लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी पोर्ट व्हिडिओ देतंच असं नाही, पोर्टच्या बाजूला डिस्प्लेपोर्टचं डी-पी चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली आहे का बघा, नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासा. कन्व्हर्टरच्या पुढे केव्हीएम आणि त्याच्या पुढे आणखी एक कन्व्हर्टर, अशी माळ करू नका, कुठे तुटलं ते शोधता येत नाही.

वायरी छोट्या घ्या. मधे केव्हीएम आला की लांबी दोन्हीकडची मिळून मोजायची, कम्प्युटर ते डबा आणि डबा ते मॉनिटर. ४के ६० ला दोन्हीकडे दीड मीटरच्या आत ठेवा. स्क्रीन मधूनच काळी होऊन परत येते ना, ती दहातल्या नऊ वेळा वायर असते. प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली एचडीएमआय वायर घ्या, ती १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते.

शक्य असेल तर लॅपटॉप सोबत घेऊन दुकानात जा आणि तिथेच लावून बघा, आपल्याकडे दुकानदार बसवून दाखवतात, चहा पण पाजतात, आणि नाही चालला तर तिथल्या तिथे दुसरा काढतात. ऑनलाइन घेतलात तर रिटर्नची तारीख संपायच्या आत दोन्ही मशीन, झोप, रीस्टार्ट सगळं करून बघा.

केव्हीएमसोबत पाच व्होल्टचा ॲडॅप्टर आला असेल तर तो लावाच, पर्यायी लिहिलं असलं तरी. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीॲम्पिअर देतं आणि यूएसबी ३ चं ९००, त्यात दिवे लागलेला कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि स्वतः केव्हीएम, सगळं ओढलं की काहीतरी एक बंद पडतं. आणि तो ॲडॅप्टर यूपीएस किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा. पावसाळ्यात लाइट गेली की डेस्कटॉप यूपीएसवर चालू, मॉनिटर चालू, आणि मधला डबा बंद म्हणून कीबोर्ड मेलेला, फाइल सेव्हसुद्धा करता येत नाही.

वायरलेस माउस अडखळतोय? डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टाजवळ आहे का बघा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, इंटेलने २०१२ मध्ये ह्यावर कागदच काढला होता. एक छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर पुढे आणा, लगेच फरक पडतो.

स्विच न घेता पण काम होतं, तेही सांगतो. दोन्ही मशीनला आपापली स्क्रीन असेल आणि फक्त कीबोर्ड-माउस एक पाहिजे असेल तर सॉफ्टवेअर चालतं. दोन्ही विंडोज असतील तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये माउस विदाउट बॉर्डर्स आहे, फुकट, चार मशीनपर्यंत. मॅक आणि आयपॅड असेल तर ॲपलचं युनिव्हर्सल कंट्रोल, २०२२ च्या मॅकओएस १२.३ पासून. मिसळ असेल, विंडोज लिनक्स मॅक, तर इनपुट लीप किंवा डेस्कफ्लो. माउस स्क्रीनच्या काठाबाहेर नेला की पलीकडच्या मशीनवर निघतो, कॉपी केलेला मजकूर पण जातो, फार मजा येते. पण हे नेटवर्कवर चालतं, म्हणून ऑफिसचा व्हीपीएन लावला की बऱ्याचदा तुटतं, बायोसमध्ये चालत नाही, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर विचारल्याशिवाय टाकू नका, कीबोर्डची प्रत्येक की त्यातून जाते, आयटीवाल्यांनी हरकत घेतली तर ती बरोबरच आहे.

ब्लूटूथचे तीन मशीनवाले कीबोर्ड पण असतात, लॉजिटेकचा के३८० सारखे, वर एक दोन तीन बटणं. मॉनिटरचे दोन इनपुट आणि असा कीबोर्ड, एकही स्विच नको. फक्त माउस वेगळा बदलावा लागतो, आणि ऑफिसने ब्लूटूथ बंद केलं असेल तर मग यूएसबी स्विचच.

शेवटी मराठी टायपिंग, कारण हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं आणि आपल्या लोकांचं इथेच अडतं. कीबोर्ड एकच असला तरी भाषा कीबोर्डमध्ये नसते, ती त्या-त्या कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये असते. म्हणजे डेस्कटॉपवर मराठी चालू ठेवून बटण दाबलं तर लॅपटॉपवर इंग्रजीच येणार, आणि एकीकडे फोनेटिक (इंग्रजी उच्चाराप्रमाणे टायपिंग), दुसरीकडे इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराची ठरलेली की) असेल तर तीच की दोन वेगळी अक्षरं देणार. दोन्हीकडे एकच ले-आउट ठेवा. इनस्क्रिप्ट येत असेल तर सगळ्यात उत्तम, तो भारत सरकारचा स्टँडर्ड आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीत वेगळं काही न टाकता मिळतो, ऑफिसच्या बंद लॅपटॉपवर सुद्धा बहुतेक वेळा ॲडमिनशिवाय जोडता येतो. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक पण आतच आहे. भाषा बदलायची की विंडोजवर विंडोज-स्पेस, मॅकवर कंट्रोल-स्पेस, केव्हीएमची हॉटकी कंट्रोल दोनदा अशी असेल तर मॅकवर भाषा बदलताना कधी कधी मशीनच बदलतं, ती हॉटकी बदला किंवा बंद करा. मॅकवर विंडोजचा कीबोर्ड लावलात की ऑल्ट आणि विंडोज की उलट्या बसतात, सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज मध्ये अदलाबदल करा, पण वरती कीबोर्डची जी यादी असते तिथे केव्हीएमच्या नावाने दिसणारा कीबोर्ड निवडा, नाहीतर बदल मॅकबुकच्या स्वतःच्या कीबोर्डला लागतो. इनपुट लीप सारख्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्ड ज्या मशीनला लावलाय तिथे इंग्रजी ठेवा आणि मराठी पलीकडच्या मशीनवर चालू करा, दोन्हीकडे मराठी असलं की जोडाक्षरं फुटू शकतात.